सुनेचा पाय

१

गंगाराम डोर्लेकर बंदरावर जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या मेला, आणि त्याची राख खाडीत जाण्याआधी कासारवेलीच्या खारवीवाडीने त्याचा खुनी शोधूनही काढला. पोलिसांना जे जमलं नाही ते वाडीने दोन दिवसांत उरकलं. बरं, खुनी कोण म्हणावं? तर घरातली सून, मनिषा! ‘पोरगी जेवली काय’ असं विचारल्याशिवाय गंगाराम भाकरीचा तुकडा मोडत नसे, आणि त्याच पोरीने म्हणे त्याच्या पाठीत लाथ घातली, नि त्या लाथेने त्याचं काळीज फुटलं.

शिरगावात आपल्या पडवीत बसलेल्या आत्माराम सुर्व्यांनी ही बातमी बिनसाखरेच्या चहाबरोबर ऐकली होती आणि सोडून दिली होती. मुंबईच्या पोलिसात जन्म घालवून ते गावी परतले होते. वर्षापूर्वी त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून त्यांच्याकडे तपासाला एकच प्रकरण उरलं होतं, ते म्हणजे बायकोने, योगिनीने, कोलंबी शेजारी कुणाला देऊन टाकली याचं.

पण त्या दिवशी अंगणात आनंदीबाई येऊन उभी राहिली, गंगारामाची बायको. एरवी ती डोक्यावर माशांची पाटी घेऊन यायची आणि फाटकापासूनच हाका घालायची. आज हात रिकामे होते आणि कपाळही.

“वर ये, आनंदी.”

“नको, साहेब. सुतकात हाय. उद्या दहावं.” ती अंगणातच उभी राहिली. “घराबाहेर पडले म्हणून वाडी नावं ठेवतेय. ठेवू दे. शव तपासलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, काळजाभोवती रक्तच रक्त होतं, काळीज फाटलेलं. तेव्हापासून संदेश बायकोशी बोलत नाय. परवा तो तिला हर्ण्याला माहेरी सोडून येणार. राहीला मात्र ठेवून घेणार म्हणतो. चार वर्षांची पोर ती, साहेब, आयशीच्या कुशीशिवाय झोपत नाय.”

“मग माझ्याकडे काय काम?”

“माझी सून खुनी हाय का, एवढंच मला सांगा. असली तर मी तिला माझ्या हाताने चौकीत नेऊन बसवीन. नसली तर...” पदर तोंडात घालून ती उभी राहिली.

आत्मारामांचा चहा निवून गेला. त्यांनी हलकेच विचारलं, “लाथ मारली हे तरी खरं का गं? की वाडीने उठवलेलं?”

आनंदीबाईने मान वर केली. “तेच तर माझ्या जिवाला लागलंय. मी तिला विचारलं. ती नाय म्हणत नाय.”

२

लाथ बघणारी एकच होती, येसूबाई. तिचं मागलं दार आणि डोर्लेकरांचं मागलं दार समोरासमोर, मध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. दुसऱ्याच्या घरातलं बघायला याहून सोयीची जागा देवानेही केली नसती.

आत्माराम आल्याचं बघून ती भलतीच खूश झाली. पोलिसांनी तिला दोन वाक्यांत गुंडाळलं होतं. इथे माणूस बसून ऐकणार होता.

“त्या रविवारची गोष्ट, सायेब. नुकतं फटफटत होतं. मी चुलीला लाकडं घ्यायला मागल्या दारी आले. केरूची बोट खाडीच्या तोंडाशी गेलेली, तिचा फटफट आवाज येत होता. आणि बघते तर काय! गंगाराम उंबऱ्यावर बसलेला, तोंड बाहेर, अंगात सदरा नाय. अंग कसं नुसतं चकचकीत. आणि त्याच्या मागं ही उभी. पाय उचललान, आणि घातलान त्याच्या पाठीत!”

“जोरात?”

“लाथ ती लाथ, सायेब. तिला काय वजन करून बघायचं? आणि एकदा नाय हो, तीनदा!”

“भराभर?”

येसूबाई क्षणभर अडखळली. खोटं बोलण्यातली बाई ती नव्हती, फक्त खऱ्याला मीठमसाला जास्त घालायची. “भराभर नाय. एक मारलान, थांबली. दुसरी मारलान, थांबली. तिसरी मारलान.”

“आणि गंगाराम? ओरडला असेल, उठला असेल.”

“तो कसला उठतोय! देवमाणूस बिचारा. मान खाली घालून गप बसून होता. आणि पुढचं ढोंग बघा. लाथा मारून झाल्यावर ही बया पुढं आली, आणि त्याच्या पाया पडली!”

“पाया पडली?”

“डोकं टेकवलान पायावर. मी म्हटलं, काय ही नाटकं!”

मारणारी माणसं आत्मारामांनी आयुष्यभर बघितली होती. मारून पळालेली बघितली, मारून रडत बसलेली बघितली, मारून झोपी गेलेलीसुद्धा एक-दोन निघाली. पण अंतर राखून तीनदा मारायचं आणि मग मार खाणाऱ्याच्या पाया पडायचं, असा खुनी त्यांना आजवर भेटला नव्हता. आणि मार खाणारा तरी कसला! वादळात बोट हाकणारा तांडेल, सुनेपुढे पाठ उघडी करून बसतो?

ते उठले तसं येसूबाईने मागून विचारलं, “धरून नेणार ना तिला?”

३

मनिषा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. वय असेल तिशीच्या आतलं. मांडीवर राही झोपलेली. उजवा पाय तिने साडीखाली ओढून घेतला होता. आत्मारामांना डावा पाय तेवढा दिसला. त्याच्या बोटातलं जोडवं जाग्यावर होतं.

दाराशी संदेश उभा होता, तिचा नवरा. तो लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीत पाळीवर असायचा, आठवड्याला घरी यायचा. बापाचं शेवटचं तोंडही त्याला धड बघायला मिळालं नव्हतं, आणि तो राग कुठेतरी काढायला हवा होता.

“मनिषा,” आत्मारामांनी खाली बसत विचारलं, “सासऱ्यांना लाथ मारलीस?”

“पाय लावला मी,” ती म्हणाली.

“बघा!” संदेश ओरडला. “स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय. चौकीतसुद्धा हेच सांगितलंन.”

“चौकीत लिहून घेतलं ‘लाथ मारली’. ही म्हणते ‘पाय लावला’.” आत्मारामांनी त्याच्याकडे न बघताच म्हटलं. “मराठी येतं ना रे तुला? मग जरा गप बस. का लावलास पाय, बाय?”

तिने राहीला आणखी जवळ ओढलं.

“तू होऊन लावलास की त्यांनी सांगितलं?”

तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागलं. ती म्हणाली, “बाबांनी शपथ घातली होती, कुणाला बोलायचं नाही. माझ्यासाठीच घातली होती.”

“आता ते नाहीत. तुझी पोर तुझ्यापासून तुटतेय. कसली शपथ घेऊन बसलीस?”

तिने साडीखालून उजवा पाय बाहेर काढला. त्याच्या बोटात जोडवं नव्हतं. टाचेला फोड आले होते. भर दुपारी ती अनवाणी कातळावर उभी राहते, असं आनंदीबाईने त्यांना वाटेत सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्यांना आता लागला.

“काका, तुम्ही कशाला शोधताय?” ती शांतपणे म्हणाली. “याच पायाने गेले ते. मीच मारलं त्यांना.”

४

आता दुसरा कुणी असता तर घरी जाऊन जेवला असता. कबुली मिळाली, प्रकरण संपलं. पण आत्मारामांचा स्वभाव खवचट. फार सहज मिळालेली कबुली त्यांच्या गळ्याखाली उतरत नसे.

बंदरावर केरू भेटला, गंगारामाचा धाकटा भाऊ. बोट दोघांची मिळून. मनिषाविरुद्ध वाडीत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. आत्मारामांनी विषय काढताच तो तापला.

“पाठीत लाथा घालते म्हणजे काय, सायेब! माझा भाऊस तो. असल्या बाईला...”

“गुरुवारी तो मेला तेव्हा जवळ कोण होतं?”

“मी होतो.”

“काय झालं?”

“काय होणार? बसला, पाणी मागितलान, गेला.” केरू हातातल्या दोरीची गाठ सोडवू लागला. ती आधीच सुटलेली होती.

“केरू, वर बघ. बसण्याआधी काय झालं?”

एवढा धिप्पाड गडी, पण त्याचा चेहरा पोरासारखा वाकडा झाला. “बोटीवर चढत होता. तोंड पांढरं फटक, कपाळावर घाम. मी म्हटलं, दादा, घरी जा. ऐकेना. मग मी चिडलो. ह्या हाताने छातीवर धक्का दिला मी त्याला, मागं लोटलं. तो जाळ्यांवर बसला तो बसलाच.” तो हमसून रडू लागला. “काळीज फुटलं म्हणाले तेव्हा मला वाटलं, मीच फोडलं. मग येसूबाय लाथेचं बोलली. आणि मी... मी तिच्या बोलण्यावर झडप घातली, सायेब.”

म्हणजे खुनी एक नव्हता, दोन होते. दोघेही मनातून कबूल झालेले. आत्मारामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागवावं असं त्यांना वाटेना.

“पांढरा फटक होता म्हणतोस. आजारी कधीपासून होता?”

“आजारी नाय. उसण भरलेली. त्या रविवारी पहाटेच फोन आला त्याचा. म्हणाला, रात्रीपासून पाठीत उसण भरलीय, पार छातीपर्यंत धरलंय, डावा हात उचलत नाय, तू पोरांना घेऊन जा. इतक्या वर्षांत बोट पहिल्यांदा त्याच्याशिवाय गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, बरं वाटतंय, उसण काढली.”

आत्माराम उठून उभे राहिले. “थांब. फोन आला तेव्हा तू कुठे होतास?”

“घरात, अंथरुणात. फोन आला म्हणून तर मी बोट काढली.”

“आणि उसण ‘काढली’ म्हणाला? कुणी काढली ते नाही सांगितलं?”

“मी विचारलं. तो हसला नुसता.”

“अरे देवा!” आत्माराम म्हणाले आणि रत्नागिरीची रिक्षा शोधत तरातरा निघाले.

५

शवविच्छेदन करणारी डॉक्टर नेत्रा ही आत्मारामांच्या जुन्या मित्राची मुलगी. तिने त्यांना आधी खुर्चीत बसवलं, नाडी बघितली आणि मगच बोलायला तोंड उघडू दिलं.

“पोलिसांना मी तोंडी सांगितलंय, काका, मारहाणीची खूण नाही. हृदयाचे तुकडे तपासणीला गेलेत, पक्का अहवाल यायला वेळ लागेल. तोवर वाडी थांबत नाही, त्याला मी काय करू?”

“काळीज फुटलं हे खरं ना?”

“खरं. पण लाथेने नाही.” तिने समोरच्या चहाच्या कपाखालचा भिजलेला पुठ्ठा उचलला. “झटका येतो तेव्हा हृदयाच्या एका भागाला रक्त मिळत नाही. तेवढं मांस मरतं. मेलेलं मांस लगेच फाटत नाही, काही दिवसांत मऊ पडतं, असं. माणसाला वाटतं, दुखणं गेलं. आणि आतून रक्ताचा दाब चालूच.” तिने अंगठा दाबला. पुठ्ठा मधोमध फाटला. “कुणाचा आतला पडदा फाटतो, कुणाची झडप धरून ठेवणारी दोरी तुटते. यांची बाहेरची भिंत गेली. चीर एवढीशीच होती. भोवतालचं मांस पिवळं पडलेलं, काही दिवसांपूर्वी मेलेलं. बरगडी एकही मोडलेली नाही, पाठीवर साधा काळानिळा डागही नाही. लाथेने फुटलं असतं तर हा माणूस त्या उंबऱ्यावरच गेला असता.”

“आणि गुरुवारचा भावाचा धक्का?”

“साधा खोकला आला असता तरी तेच झालं असतं. झोपेतसुद्धा होतं.”

आत्मारामांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला. त्यांचाही झटका आधी पित्त म्हणूनच खपला होता. योगिनीने ओढत नेलं नसतं तर?

“माझीही अशी भिंत...”

“तुम्ही वेळेत पोचलात. गोळ्या घ्या, आणि कोलंबी खाऊ नका.”

“कोलंबीचा इथे काय संबंध?”

“काकूंचा फोन आला होता,” नेत्रा म्हणाली.

आत्माराम हसले, पण दाराशी पोचेपर्यंत ते हसू मावळलं. मनिषाला सोडवायचं तर एक गोष्ट चारचौघांत उघडी करावी लागणार होती. आणि ती उघडी झाली की वाडी तिला खुनी म्हणणार नाही, पण कदाचित त्याहून वाईट काहीतरी म्हणेल.

६

दहाव्याचे विधी आटोपून माणसं घरापुढच्या खळ्यात, अंगणात टेकली होती. आत्मारामांनी संदेशला, केरूला आणि येसूबाईला पुढे बसवलं. आनंदीबाई पडवीच्या खांबाला टेकली होती. मनिषा दाराआड, राहीचा हात धरून.

“आधी डॉक्टरांचं सांगतो,” म्हणत त्यांनी पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाले, “म्हणजे झटका शनिवारी रात्रीच आला होता. पण शंका राहते. पहिल्या दुखण्यालाच ती लाथ कारण असेल तर? तेव्हा सगळा प्रश्न एवढाच, की दुखणं आधी की पाय आधी. केरू, तुला फोन कधी आला?”

“बोट काढायच्या आधी.”

“येसूबाई, तू पाय बघितलास तेव्हा केरूची बोट कुठे होती?”

“खाडीच्या तोंडाशी,” येसूबाई म्हणाली, आणि तिचा तिलाच अर्थ लागून तिने तोंडावर हात ठेवला.

“दुखणं आधी. फोन मग. बोट मग. आणि पाय शेवटी. अंग चकचकीत होतं, म्हणजे तेल चोळून झालं होतं आणि गुण आला नव्हता. मग उंबऱ्यावर पाठ करून बसला. थांबत थांबत तीनदा पाय. आणि मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून नमस्कार. अहो, आपण सगळे इथलेच ना? उसण भरली की कुणाचा पाय लावून घेतात?”

खळ्यात कुजबुज उठली. कुणीतरी म्हातारा बोलला, “पायाळू माणसाचा.”

“पायाळू! जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाचा. मनिषा, खरं ना?”

दाराआडून हुंदका ऐकू आला. “आईने सांगितलं होतं, सासरी बोलू नकोस,” मनिषा म्हणाली. “बाबांना आमच्या हर्ण्याच्या मावशीकडून कळलं होतं. पण त्यांनी पोटात ठेवलं. त्या पहाटे म्हणाले, पोरी, लाव पाय. आणि कुणाला बोलू नकोस, इथे राहणं कठीण होईल.”

का कठीण होईल ते सांगायची गरजच नव्हती. पायाळू माणसावर वीज पडते, हे दर्यावर पोट असलेल्या वाडीत पाळण्यातल्या पोराला ठाऊक. येसूबाई नकळत मागे सरकली. दोन-चार बायकांनी आभाळाकडे बघितलं, तिथे ढग औषधालाही नव्हता. केरूचं तोंड उघडंच राहिलं.

तेव्हा आनंदीबाई खांब सोडून उभी राहिली.

“काय बघता? पाच वर्षं ती ह्या घरात हाय. तिने विणलेली जाळी त्याच बोटीवर गेली. पडली काय वीज? एक तरी पडली? ज्याच्या जिवावर यायची तो सगळं जाणून होता, नि तरी तिला लेक म्हणत होता. तुमची काय मिजास!”

केरू उठून मनिषासमोर गेला. “वहिनीने सांगितलं तेच,” एवढंच त्याला जमलं. मग हात जोडून म्हणाला, “मला माफ कर गो बाय.”

मनिषा दाराबाहेर आली. तिने आत्मारामांकडे बघितलं. “काका, त्या दिवशी पाय न लावता दवाखान्यात नेलं असतं तर?”

हाच प्रश्न येऊ नये म्हणून आत्माराम वाटभर प्रार्थना करत आले होते. खोटं सांगणं किती सोपं होतं! पण ही पोरगी जन्मभर ते पारखत बसली असती.

“तर कदाचित वाचला असता,” ते म्हणाले. “मी वाचलोच की. पण तुझ्या पायाने तो गेला नाही, बाय. उसण म्हणून आपण सगळेच फसतो. त्या पहाटे केरू फसला, तो स्वतः फसला. तू एकटीच कशी गुन्हेगार?”

“आणि मी?” आनंदीबाई म्हणाली. “शनिवारी रात्री ताटात बांगडा तसाच टाकलान. म्हटलं, दवाखान्यात चला. म्हणाला, बांगडा लागलाय दर्यात, आता कसला दवाखाना? मी गप बसले, पहाटे पाटी घेऊन बाजारालाही गेले. माझ्या नवऱ्याला मी ओळखत नाय होय? तू म्हणालीस म्हणून तो दवाखान्यात गेला असता?”

ती देवघरात जाऊन आली. हातात एक जोडवं होतं, मनिषाने उजव्या पायातून काढून देवापुढे ठेवलेलं. तिने ते मुठीत धरलं, सुनेच्या पायाकडे बघितलं, आणि थबकली.

“माझा हात ह्याला चालायचा नाय आता,” ती म्हणाली, आणि जोडवं संदेशच्या पुढे धरलं. “वाक.”

सगळी वाडी बघत होती. संदेशची कानशिलं लाल झाली. आधी त्याने आईकडे बघितलं, मग बायकोच्या फोड आलेल्या टाचेकडे. ती टाच त्याने इतक्या दिवसांत बघितलीच नव्हती.

तो खाली बसला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे जोडवं बोटात बसेना. एका पायावर उभ्या मनिषाचा तोल गेला, तिने त्याच्या डोक्यावर हात टेकला, आणि तो तसाच राहू दिला.